बिलं वाचणारा एआय एजंट मधूनच चुकतो. त्याच्यावर विसंबता येईल असं काय करावं?

तुम्ही विचारलंय की जीमेलवर येणारी खरेदीची बिलं वाचून गूगल शीटमध्ये भरणारा एजंट तुम्ही बसवला, पंधरा दिवस छान चालला आणि आता मधूनच चुकतोय; तर मॉडेल, म्हणजे एजंटमागचा एआय, बदलावं का? माझं मत असं की मॉडेल इतक्यात बदलू नका, आधी कामाची वाटणी बदला.

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब सांभाळते. मेल उघडणं, बिल वाचणं, पुरवठादार ओळखणं, कर तपासणं, नोंद करणं, हे सगळं आम्हीही सुरुवातीला एजंटवर सोपवलं होतं. अशा पाच पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरी 100 पैकी 95 वेळा बरोबर आली, तरी बिल शेवटपर्यंत निर्दोष पोचण्याची शक्यता 77 टक्केच उरते. शिवाय चुकलेली ओळ शीटमध्ये बरोबर ओळीइतकीच नीटनेटकी दिसते, हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

आता एजंटकडे फक्त वाचन आहे. फोनवर काढलेला तिरका फोटो, विटलेली थर्मल पावती, हाताने लिहिलेली बिल्टी, यांतून मजकूर काढण्यात तो खरोखर पटाईत आहे. ताळा मात्र शीटमधली सूत्रं आणि अ‍ॅप्स स्क्रिप्ट (शीटला जोडता येणारा गूगलचा छोटा प्रोग्राम) घेतात. जीएसटीमुळे हे सोपं झालंय. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र 27, गोवा 30), पुढची दहा अक्षरं पॅनची आणि शेवटचं अक्षर आधीच्या 14 अक्षरांवरून गणिताने काढलेलं. त्यामुळे 8 च्या जागी बी वाचला गेला की बहुतेक वेळा स्क्रिप्टला तिथल्या तिथे कळतं. बिल क्रमांक 16 अक्षरांहून लांब आला, तर एजंटने भलतंच काही उचललेलं असतं. करपात्र रक्कम गुणिले दर केल्यावर येणारा कर आणि छापलेला कर यांत एक रुपयापेक्षा जास्त फरक पडला तर ओळ अडते.

अडलेली ओळ कुठे ठेवायची? हिशेबात आपण न उलगडलेली रक्कम उचंती खात्यात टाकतो, तशीच मी शीटमध्ये 'उचंती' नावाची वेगळी टॅब केली आहे. ती रोज सकाळी मी स्वतः उघडते. एजंटला दिलेल्या सूचनांमध्ये एक वाक्य ठळक आहे: जे दिसत नाही ते रिकामं ठेव. हे वाक्य नव्हतं तेव्हा एका बिलावरची पुसट तारीख त्याने अंदाजाने भरली होती आणि ते बिल भलत्याच महिन्यात गेलं. तारखांचं आणखी एक बघा. शीटचं लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारीख वाचायची ती सेटिंग) अमेरिकेचं राहिलं असेल तर 04/05 म्हणजे 5 एप्रिल होतं. आधी ते भारताचं करा.

एकच बिल दोनदा येतं, हेही गृहीत धरा. पुरवठादार आधी बिल पाठवतो आणि मग आठवण म्हणून तेच पुन्हा. आमच्याकडून एकदा दुप्पट पैसे गेले. समोरचा सज्जन, म्हणून परत मिळाले. तेव्हापासून जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष जोडून एक खूण बनते आणि ती आधीच असेल तर नवी ओळ होत नाही. अ‍ॅप्स स्क्रिप्टची एक फेरी 6 मिनिटांत थांबते, मग काम अर्धवट का असेना. म्हणून एका वेळी थोडीच बिलं घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे 'आलं', 'वाचलं', 'अडलं', 'मंजूर' अशी अवस्था लगेच लिहा. पुढची फेरी तिथूनच सुरू होईल. दोन फेऱ्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून स्क्रिप्टमधलं लॉकसर्व्हिस, म्हणजे एका वेळी एकच फेरी चालू देणारं कुलूप, वापरा.

एका बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल आला, किंवा बिलाच्या कोपऱ्यात एजंटलाच उद्देशून काही आज्ञा लिहिली असली, तरी त्यावर एजंटने काहीही करायचं नाही. तसे अधिकारच त्याला देऊ नका: मेल वाचता यावा, शीटमध्ये ओळ वाढवता यावी, बास. खातेबदलाची खात्री आम्ही जुन्याच नंबरवर फोन करून करतो.

सूचनेत शब्द जरी बदललात, तरी आधी परीक्षा घ्या. मी गेल्या वर्षीची 40 बिलं बरोबर नोंदींसह बाजूला ठेवली आहेत. त्यात मुद्दाम घाणेरडी स्कॅन झालेलीही आहेत. त्यांवर चालवून पाहिल्याशिवाय नवी सूचना लागू होत नाही.

बाहेरचा साक्षीदारही आहेच. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-2बी, म्हणजे तुमच्या खरेदीच्या बिलांचं विवरण, तयार होतं, तेही पुरवठादारांनी स्वतः भरलेल्या माहितीवरून. तुमच्या एजंटशी त्याचा काही संबंध नसतो. मागच्या महिन्याचं 2बी उतरवून घ्या आणि शीटशी ओळीला ओळ लावून पाहा. न जुळलेल्या ओळी मूळ बिलांशी ताडल्यात, की एजंट फोटोत घसरतो, तारखेत की क्रमांकात, ते कळेल. दुरुस्ती तिथूनच सुरू करा.