शिडीवर कोणी चढायचं: सासऱ्यांनी, सासूबाईंनी की कोणीच नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासरे 72 वर्षांचे, दर दिवाळीला माळ्यावरची भांडी स्वतःच काढतात आणि कोणाला शिडी धरू देत नाहीत. सासूबाई 66 च्या, त्या "मी कुठे शिडीवर चढते" म्हणत स्टुलावर उभ्या राहून पंखे पुसतात. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं, बाबांना सवय आहे, बायकांनी मात्र चढू नये. वयाचा आणि बाई-पुरुष असण्याचा यात खरंच काही संबंध आहे का?

आहे. पण नवरोजी म्हणतात तसा नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पडून हाडं मोडून घेतलेली माणसं माझ्याकडे येतात आणि दिवाळीच्या आगेमागे जरा जास्तच येतात. माझ्या मते तुमच्या घरात पडण्याची शक्यता सासूबाईंची जास्त, आणि पडल्यावर मोठं काही होण्याची भीती सासऱ्यांना जास्त. दोघांची कारणं वेगळी, त्यामुळे दोघांना एकच नियम लावून भागणार नाही.

आधी सासरे. अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या इस्पितळांच्या नोंदींत शिडीवरून पडून आलेल्यांमध्ये पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. तरुणपणी पडणारा पुरुष बहुधा कामावर पडतो: रंगारी, वायरमन, गवंडी. पन्नाशी-साठीनंतर तो घरी पडतो. निवृत्तीनंतर वेळ असतो, "एवढ्याशासाठी माणूस कशाला बोलवायचा" हा बाणा असतो, आणि सवय मात्र वर्षातून एकदाची असते. रोज शिडीवर चढणारा रंगारी आणि दिवाळीलाच चढणारे काका यांच्या "सवयी"त जमीन-अस्मानाचा फरक आहे. 40 व्या वर्षी काढलेलं पितळी पातेलं 72 व्या वर्षी तेवढंच जड असतं, पण ते पेलणारे मांडीचे स्नायू तेवढे राहिलेले नसतात. स्नायू तिशीपासूनच हळूहळू कमी होतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. रोजच्या चालण्या-फिरण्यात हे जाणवत नाही. एका पायावर शरीर उचलून वरच्या पायरीवर न्यायचं असतं, तिथे जाणवतं.

पुरुष कसे पडतात, तेही ऐका. वर चढताना फार कोणी पडत नाही. पातेलं किंवा पत्र्याचा डबा दोन्ही हातांत घेऊन, शिडीकडे पाठ करून उतरताना पडतात. किंवा जमीन आली असं वाटतं आणि शेवटची पायरी अजून बाकी असते. उंचावरून सरळ पायांवर आदळलं की टाचेचं हाड मोडतं आणि तोच धक्का वर जाऊन कमरेचा मणका दबतो. टाच दुखतेय म्हणून येतात आणि मणक्याचं नंतर कळतं.

आता सासूबाई. त्यांचं "मी शिडीवर चढत नाही" हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता मी प्रश्नच बदललाय. मी विचारते, "स्टूल, खुर्ची, पलंग, ओटा, खिडकीचा कट्टा यांतल्या कशावर चढता?" मग उत्तर येतं. बायकांचं चढणं घरात चढणं म्हणून मोजलंच जात नाही. ओट्यावर उभं राहून वरच्या कपाटातला डबा काढणं हे स्वयंपाकाचं काम, जळमटं काढणं हे झाडलोटीचं काम. हे वर्षातून एकदा नाही, आठवड्यातून दोनदा चालतं. म्हणून त्या पडतातही जास्त वेळा, फक्त कमी उंचीवरून. जागतिक आरोग्य संघटनेचंही निरीक्षण असंच आहे: काही देशांत पडून मरण्यात पुरुष पुढे, तर जिवावर न बेतणारं पडणं बायकांत जास्त.

स्टुलावरून पंखा पुसताना नेमकं काय होतं ते सांगते. पात्याला चिकटलेली तेलकट धूळ निघावी म्हणून जोर लावला की पातं फिरतं. हात त्याच्याबरोबर जातो, हातामागे खांदा, आणि शरीराचा भार स्टुलाच्या चार पायांच्या बाहेर पडतो. धरायला काही नसतंच. खालची फरशी नुकतीच पुसलेली असते. बाई पडताना हात पुढे टेकते आणि मनगट मोडतं. दीड फुटावरून!

दीड फुटावरून हाड मोडतं, याचं कारण हाडातच आहे. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात. म्हणून पन्नाशी-साठीतली बाई इतक्या कमी उंचीवरून पडली आणि मनगट मोडलं, तर "नशीब, मनगटावर निभावलं" म्हणून विषय सोडू नका. तो हाडांच्या ठिसूळपणाचा इशारा असतो, पुढे खुबा मोडण्याची शक्यता त्यानंतर वाढते. डॉक्टरांना विचारून डेक्सा तपासणी (हाडं किती विरळ झालीत ते मोजणारी) करून घ्या. पुरुषांची हाडंही विरळ होतात, फक्त उशिरा, आणि त्यांची तपासणी करायचं कोणाच्या मनात येत नाही. खुबा मोडल्यावर पहिल्या वर्षात दगावण्याचं प्रमाण पुरुषांमध्ये बायकांपेक्षा जास्त आहे, हे नवरोजींना जरूर सांगा.

अजून एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. आपले माळे साधारण दाराच्या चौकटीच्या उंचीवर, म्हणजे सात फुटांवर असतात. घरात बहुतेकदा चार पायऱ्यांची घडीची शिडी असते, पायऱ्यांत साधारण 25 सेंटिमीटर अंतर. पाच फूट सहा इंचांचा पुरुष तिसऱ्या पायरीवर उभा राहिला की त्याला माळ्यात नीट दिसतं. पाच फुटांच्या बाईची नजर तिसऱ्या पायरीवर जेमतेम माळ्याच्या कडेशी पोचते. आत बघायला तिला चौथी, म्हणजे सगळ्यात वरची पायरी लागते, आणि तिथे गुडघ्यांना टेकायला किंवा हाताला धरायला काहीच उरत नाही. त्यात साडीच्या निऱ्या किंवा पायघोळ गाऊन. म्हणजे तीच शिडी, तोच माळा, पण बाईला काम जास्त धोक्याचं. "बायकांना जमत नाही" असं म्हणणाऱ्याने आधी शिडी कोणाच्या मापाने घेतली होती ते बघावं. बुटक्या माणसासाठी एक पायरी जास्त असलेली, वर धरायला दांडा असलेली शिडी घ्या. साडी खोचून नाही, सलवार किंवा पायजमा घालून चढा. सासऱ्यांच्या लुंगीलाही हेच लागू.

वय मोजण्यापेक्षा औषधांची पिशवी उघडून बघा. रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, आणि पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात त्यांतल्या काही गोळ्या (टॅमसुलोसिन वगैरे), या सगळ्यांनी उभं राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो. घरी यंत्र असेल तर पाच मिनिटं आडवं राहून रक्तदाब घ्या, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर शिडी बंद आणि डॉक्टरांना फोन. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आणि उपवास हे दुसरं दुखणं. आपल्याकडे घराची मोठी साफसफाई नेमकी नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत येते, आणि नऊ दिवसांचे उपवास करणाऱ्या बायकाच ती करत असतात. उपवासाच्या दिवशी स्टुलावरसुद्धा चढायचं नाही, हा नियम मी माझ्या आईला घातलाय आणि ती तो पाळते (बऱ्यापैकी).

चष्मा विसरू नका. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग जवळचं वाचायला असतो, त्यातून पायरी अंधूक दिसते आणि तिचं अंतर चुकतं. चढायचंच असेल तर फक्त लांबचा चष्मा घाला. आणि ज्यांना कुशीवर वळताना गरगरतं, त्यांनी मान मागे टाकून छताकडे बघायचं कामच घेऊ नये. कानाच्या आतले तोल सांभाळणारे बारीक कण सरकले की ती चक्कर सांगून येत नाही.

आता चढू द्यायचं की नाही हे ठरवायचं कसं? वादावादी न करता एक चाचणी करा. हात नसलेली सरळ खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घ्यायचे आणि 30 सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उठून बसता येईल तितक्या वेळा उठायचं. हातांचा आधार घेतला तर शून्य गुण. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या कोष्टकात 70 ते 74 वयाच्या पुरुषाचा आकडा 12 पेक्षा कमी आला तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात, त्याच वयाच्या बाईसाठी ती रेषा 10 ची. 65 ते 69 मध्ये पुरुषांना 12, बायकांना 11. चाचणी पास झाली म्हणजे शिडीचा परवाना मिळाला असं नाही, पण नापास झाल्यावर वाद घालायला जागा राहत नाही. शिवाय सासऱ्यांसारख्या माणसांना सुनेचं ऐकण्यापेक्षा घड्याळाचं ऐकणं सोपं जातं.

"मग मावशींना चढवू" असं म्हणणार असाल तर थांबा. घरकामाला येणाऱ्या मावशीही बहुधा पन्नाशीच्या, साडीत, आणि आधी दोन घरची धुणी-भांडी करून आलेल्या असतात. त्यांचं मनगट मोडलं तर सहा आठवडे सगळ्या घरांचा पगार जातो. तुमच्या घरात चढायला सगळ्यात योग्य माणूस म्हणजे ज्याने हा वाद सुरू केला तो, तुमचा नवरा. त्यानेही नियम पाळूनच.

नियम फार नाहीत. घडीची शिडी पूर्ण उघडून मधल्या पट्ट्या बसल्यात ना बघा, पायांचे रबर झिजले असतील तर बदला. तोंड कायम शिडीकडे, बेंबी दोन दांड्यांच्या मध्ये. बेंबी बाहेर गेली की उतरा आणि शिडी सरकवा. दोन पाय आणि एक हात शिडीवर हवाच, म्हणजे सामान स्वतः घेऊन उतरायचं नाही, खालच्या माणसाच्या हातात द्यायचं. तो खालचा माणूस कुकरची शिटी मोजत उभा नसावा. दिव्यांचं, पंख्याचं काम असेल तर मेन स्विच बंद, अल्युमिनियमच्या शिडीतून करंट येतो. गावाकडे पावसाळ्याआधी कौलं परतायला टेकवायची शिडी लावत असाल तर 12 फूट उंचीला पाय भिंतीपासून 3 फुटांवर, आणि शिडीचं टोक छपराच्या वर तीनेक फूट आलेलं हवं.

खरा उपाय मात्र शिडीच्या आधीचा आहे. या दिवाळीला माळ्यावरून जे काढाल त्यातलं जे वर्षाला लागतं ते खाली, कंबर ते खांद्याच्या उंचीत ठेवा. रोजचे डबे वरच्या कपाटातून हलवा. पंख्यासाठी लांब दांड्याचा, पातं दोन्ही बाजूंनी धरणारा ब्रश मिळतो, तो सासूबाईंच्या हातात द्या आणि स्टूल न्हाणीघरात बसायला ठेवा. सासऱ्यांना खाली उभं करून कुठलं पातेलं कुठे जाईल ते ठरवू द्या. तेवढा अधिकार राहिला तर बरेच काका शिडी सोडतात.

आणि एवढं करूनही कोणी पडलंच, तर लगेच बखोटीला धरून उठवू नका. आधी पाय-हात हलतात का, मान-पाठ दुखते का विचारा. दुखत असेल तर हलवू नका, 108 ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि सासरे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी इस्पितळात दाखवा. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनी, अगदी आठवड्यांनीही लक्षात येतो. नंतर डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, चालताना एका बाजूला झोक जाणं, यांतलं काही दिसलं तर "वयामुळे असेल" असं समजू नका, पुन्हा घेऊन जा आणि कधी पडले होते ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.