परसदारातील उन्हाळा आणि पाने खाणाऱ्या अळ्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (गुहागर येथील एक वाचक भगिनी) : आमच्या घरामागे कागदी लिंबू, कढीपत्ता आणि दोन वर्षांची आंब्याची कलमे आहेत. एप्रिल उजाडला की विहिरीचा तळ दिसू लागतो आणि त्याच सुमारास लिंबाची व कढीपत्त्याची कोवळी पाने अळ्या फस्त करतात. कोणते औषध मारावे, आणि उरलेले पाणी कोणत्या झाडाला आधी द्यावे?

उत्तर : यांपैकी पाण्याचा विचार आधी करावा, कारण मुळांशी ओल असलेले झाड खाल्लेली पाने पुन्हा काढते, तहानलेल्या झाडाला ते जमत नाही, आणि म्हणून एरवी क्षुल्लक ठरणारी अळी मे महिन्यात रोपाच्या जिवावर उठते. कोकणात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही ही वेळ येते, कारण जांभा दगडाच्या सच्छिद्र जमिनीत पाणी थांबत नाही. ते झपाट्याने खाली झिरपते आणि वरच्या थरात ओल टिकवायला मातीच फार थोडी असते. पाणी कमी असेल तेव्हा पहिला हक्क आंब्याच्या कलमांचा समजावा. मोठ्या झाडांची मुळे खोल गेलेली असतात, पण दोन वर्षांच्या कलमाची मुळे अजून तापणाऱ्या वरच्या थरातच असतात. प्रत्येक कलमाच्या आळ्यात बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते दोन-तीन दिवसांनी भरावे आणि डास होऊ नयेत म्हणून तोंडावर झाकण ठेवावे. पाणी पाझरत थेट मुळांना मिळते आणि उन्हात वाया जात नाही. आळ्यात पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पाचोळ्याचा, वीतभर थर द्यावा, मात्र तो बुंध्याला टेकू देऊ नये, नाहीतर तेथे वाळवी लागते. दुपारचे ऊन अडवण्यासाठी पश्चिमेच्या बाजूने दोन झावळे उभी केली तरी पुष्कळ फरक पडतो.

पातेरा जाळून अंगण स्वच्छ ठेवण्याची सवय आपल्याकडे फार रुजलेली आहे. ज्या परसात पाण्याची ओढ आहे तेथे तरी ती सोडावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण जळतो तो पाचोळा म्हणजे मे महिन्यातली ओल आणि पुढच्या वर्षीचे खत असते.

आता अळ्यांविषयी. लिंबावर व कढीपत्त्यावर बहुधा लिंबावरील फुलपाखराच्या अळ्या असतात. मादी कोवळ्या पालवीवर एकेक सुटे अंडे घालते; लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगासारखा उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. घरच्या एक-दोन झाडांसाठी औषधाची गरजच नसते; रोज सकाळी पालवी उलटून पाहावी आणि अळ्या हाताने वेचाव्यात. त्या मारायच्याच असे नाही. कढीपत्त्याचे एखादे जुने, मोठे झाड असेल तर त्यावर नेऊन सोडाव्यात. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून ज्याला मान दिला, त्या नीलवंताच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात, आणि परसात त्यांना एक झाड राखून ठेवणे आपल्याला सहज परवडण्यासारखे आहे.

वेचून भागत नसेल तर निंबोळी अर्क वापरावा. सुकलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावी, त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. भर उन्हात फवारल्यास पाने करपतात. विषारी कीटकनाशके परसात आणूच नयेत, कारण कढीपत्ता आपण रोज खातो, आणि ज्या जांभ्यातून पावसाचे पाणी इतक्या लवकर झिरपते, त्याच वाटेने औषधही विहिरीत उतरू शकते.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. पाने गेलेल्या झाडाला घाबरून जास्त पाणी देऊ नये, कारण पाने कमी झाली की झाडाला लागणारे पाणीही कमी होते. आणि झाड लवकर सावरावे म्हणून युरिया टाकू नये. त्यातून फुटणारी लुसलुशीत पालवी अळ्यांना अधिकच आवडते.

प्रश्न (वेंगुर्ले येथील एक वाचक) : आमच्या माडांची खालची झावळे भाजल्यासारखी करडी दिसतात. शेजारी पाण्याची कमतरता सांगतात, पण नियमित शिंपूनही फरक पडत नाही.

उत्तर : एक करडे झावळ उतरवून त्याच्या पात्या उलट्या करून पाहाव्यात. पाण्याच्या ताणाने झावळ पिवळे पडते व लोंबते, पण पात्यांची खालची बाजू स्वच्छ राहते. तेथे रेशमी धागे आणि विष्ठा यांपासून केलेल्या बोगद्यांसारख्या जाळ्या दिसल्या, तर ती काळ्या डोक्याची अळी आहे. ती जाळीत लपून पातीचा हिरवा भाग खरवडून खाते आणि वरून नुसता वाळका पापुद्रा दिसतो. तिचा जोर कोरड्या, उष्ण महिन्यांत वाढतो, त्यामुळे दुष्काळाची आणि तिची लक्षणे एकाच वेळी दिसतात व चांगले जाणकारही फसतात.

सर्वांत खालची, जास्त खाल्लेली दोन-तीन झावळे तोडून लगेच जाळावीत. पाचोळा जाळू नये असे वर म्हटले असले तरी किडलेली झावळे याला अपवाद आहेत. मात्र घाईने हिरवी झावळे तोडू नयेत, कारण माडाची प्रत्येक पेंड (नारळांचा घड) झावळाच्या बेचक्यातूनच येते. गोनिओझस आणि ब्रॅकॉन या बारीक गांधीलमाश्यांसारख्या मित्रकीटकांच्या माद्या या अळीला डंख मारून निश्चल करतात व तिच्या अंगावर अंडी घालतात. मग त्यांची पिल्ले तिच्यावरच पोसली जातात. हे मित्रकीटक सोडण्याबाबत रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राकडे किंवा तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी. कीटकनाशकाने हे मदतनीसही मरतात. कीड एका माडावरून दुसऱ्यावर जाते, म्हणून शेजाऱ्यांनी मिळून काम केले तरच उपयोग होतो.

शिंपणे थांबवू नये. पूर्ण वाढलेल्या माडाला चार दिवसांतून एकदा सुमारे 200 लिटर पाणी पुरते. ते बुंध्याशी न ओतता सुमारे 1.8 मीटर त्रिज्येच्या आळ्यात पसरू द्यावे आणि आळ्यात नारळाची सोडणे (तंतुमय साले) पालथी मांडून ओल झाकावी. एका उन्हाळ्याचा ताण पुढची दोन-तीन वर्षे नारळांच्या संख्येत दिसतो, त्यामुळे या वर्षी केलेल्या कामाचे फळ लगेच दिसले नाही तरी निराश होऊ नये.

प्रश्न (श्रीवर्धन येथील एक वाचक भगिनी) : मोरीच्या पाण्यावर लावलेल्या अळूच्या पानांची रातोरात चाळण होते.

उत्तर : ही बहुधा तंबाखूवर पडणारी पाने खाणारी अळी आहे. तिची अंडी पानांच्या मागे तपकिरी लवेने झाकलेल्या पुंजक्यात असतात आणि लहान अळ्या काही दिवस एकत्रच राहतात, म्हणून तेवढे पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले की शेकडो अळ्या एकदम जातात. मोठ्या झालेल्या अळ्या दिवसा मातीत दडतात. त्या दिवेलागणीनंतर बॅटरीच्या उजेडात वेचाव्यात.

प्रश्न (देवगड येथील एक वाचक) : खाडीलगतच्या आमच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात मचूळ होते. ते झाडांना चालेल का?

उत्तर : माडाला बऱ्याच प्रमाणात चालते. लिंबाला आणि आंब्याच्या लहान कलमांना ते देऊ नये. पानांच्या कडा टोकापासून तपकिरी होऊन वाळू लागल्या तर क्षाराचा त्रास सुरू झाला असे समजावे. या झाडांसाठी तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले गोडे पाणी वेगळे साठवून मडक्यात भरावे. कपडे धुतलेले पाणी मात्र त्यात मिसळू नये, ते माडाकडे किंवा केळीकडे वळवावे आणि तेही अधूनमधून साध्या पाण्याची पाळी देऊनच. विहिरीतला पंप एकदम फार वेळ चालवू नये, कारण गोड्या पाण्याची पातळी जितकी खाली जाते तितके खारे पाणी आत ओढले जाते. रोज थोडे थोडे उपसावे.