दिवंगत ट्रकचालक वडिलांवर पहिल्यांदाच आठवणींचा लेख लिहिताय?

जन्मतारीख, शिक्षण, नोकरी अशी सुरुवात करू नका. बहुतेकांची पहिली चूक हीच. माझ्या वडिलांवर लिहायला बसले तेव्हा ‘कष्टाळू, प्रेमळ’च्या पुढे चार दिवस काही सुचेना. मग त्यांची हिशेबाची वही उघडली. डिझेलच्या नोंदींमध्येच माझ्या परीक्षेची तारीख होती, खाली दोनदा रेघ मारलेली. लेख तिथून सुरू झाला.

सध्या एवढंच करा:

- वह्या, पावत्या, केबिनमधले फोटो आवरायच्या आधी नीट बघा.
- त्यांच्या जोडीदार चालकांना फोन करा. घराला न दिसलेले बाबा त्यांनी पाहिलेत.
- आकडा डोळ्यांसमोर उभा करा. वर्षाला १ लाख किलोमीटर धरले तर २० वर्षांत विषुववृत्ताभोवती जवळपास ५० फेऱ्या होतात!

आणि त्यांचं घरी नसणं लपवू नका. हुकलेले वाढदिवस लिहा, रात्री उशिरा येणारा फोनही लिहा. त्यांची माया त्या फोनमध्येच होती.

शोकसभेत वाचणार असाल तर ५०० शब्द पुरे, चार-पाच मिनिटं होतात. भाषा नंतर घासूनपुसून घेता येईल. आज एकच प्रसंग लिहून काढा. रडू आलं तर थांबा, उद्या पुन्हा बसा.