कोविडच्या साथीत कॉलेजांना आणि विद्यार्थ्यांना नेमक्या काय अडचणी आल्या? शेवटी सगळे पासच झाले ना?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि उत्तर लिहायला बसलो. 'शेवटी सगळे पासच झाले ना' हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकलंय, एसटीत ऐकलंय, पालकांच्या तोंडूनही ऐकलंय. मी सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमची २०२० ते २०२२ या काळातली निकालपत्रं काढून बघितलीत तर काही बिघडलं होतं असं वाटणारच नाही. राज्याचंही तेच. २०२१ साली बारावीची परीक्षा रद्द झाली, दहावी-अकरावी-बारावीचे गुण ३०:३०:४० या हिशेबाने धरले आणि निकाल ९९.६३ टक्के लागला. दुसरा मार्ग नव्हता, हे मला मान्य आहे. पण त्या वर्षांत जी मुलं हातातून निसटली ती या आकड्यांमागे झाकली गेली.

मार्च २०२० च्या मध्यात कॉलेज बंद ठेवण्याचा आदेश आला तेव्हा तो महिनाअखेरपर्यंतच होता. लॅबमध्ये ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडायच्या काचेच्या नळ्या, स्टँडला तशाच लावलेल्या राहिल्या. त्याच दिवसांत दहावीचा शेवटचा पेपर, भूगोलाचा, २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच केला. ही दहावीची मुलं लक्षात ठेवा, त्यांच्याबद्दल पुढे सांगायचंय.

आमच्या खोऱ्यातल्या बऱ्याच घरांतला कर्ता माणूस मुंबईला असतो. कुणी माथाडी, कुणी वाशीच्या मार्केटात, कुणी ड्रायव्हर. लॉकडाऊन लागल्यावर माणसं मिळेल त्या वाटेने गावी आली, झेडपीच्या शाळेत चौदा दिवस राहिली आणि मग घरी बसली. मनीऑर्डरीवर चालणारं घर एकदम खाणाऱ्या तोंडांनी भरलं आणि पैसा थांबला. ऑनलाइन शिक्षणाची चर्चा शहरात सुरू झाली तेव्हा आमच्याकडे पहिला प्रश्न रिचार्जचा होता. घरात एक स्मार्टफोन, तो बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या खिशात, आणि त्यावर धाकट्याची शाळाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी इंटरनेटची सोय असलेली घरं १४.९ टक्के होती आणि संगणक असलेली ४.४ टक्के. म्हणजे हे चित्र साथ येण्याच्या आधीपासून सरकारी कागदावर होतं. आमचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा, फुकटातलं झूम चाळीस मिनिटांनी बंद पडायचं. पुन्हा लिंक पाठवेपर्यंत निम्मी मुलं गेलेली असायची. ती कंटाळून गेली असं मी सुरुवातीला समजत होतो. खरं म्हणजे त्यांचा त्या दिवसाचा दीड जीबी संपलेला असायचा.

खाली खोऱ्यात रेंज नाही. रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, जायचं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी रोज सकाळी तासभर चढून जायची. तिची तोंडी परीक्षा मी फोनवर घेतली तेव्हा मागे वाऱ्याचा इतका आवाज होता की मला प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागला. व्हिडिओ लावला तर दिसलं, दगडावर वही, डोक्यावर काळी छत्री, आणि शेजारी आई बसलेली. आईच मध्ये बोलली, "सर, पोरीला एकलीला कशी सोडू वर? गवा फिरतोय. म्हणून माझं बी काम सोडून बसते." म्हणजे त्या एका तासासाठी घरातल्या एका बाईची दिवसाची मजुरी बुडत होती. मुलग्यांना सड्यावर एकटं जाता येत होतं. मुलींना यायचं तर सोबत लागायची, आणि सोबत रोज कोण देणार? मुलींची हजेरी आधी कमी झाली ती यामुळे.

परीक्षेचा घोळ तुम्हाला आठवत असेल. जून २०२० मध्ये राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचं ठरवलं. ६ जुलैला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबरअखेरपर्यंत त्या घ्यायलाच हव्यात असं सांगितलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल आला, की परीक्षेशिवाय अंतिम वर्षाच्या मुलांना उत्तीर्ण करता येणार नाही, राज्याला हवं तर मुदत वाढवून मागावी. ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांचे पेपर झाले. या साडेतीन-चार महिन्यांत मुलांचे फोन यायचे, "सर, अभ्यास करू का नको? खरं सांगा." माझ्याकडे सांगायला खरं काहीच नव्हतं. माझा एक विद्यार्थी त्या ऑगस्टमध्ये वडलांच्या जागी वाशीला कामाला लागला, कारण वडलांना दम्यामुळे कुणी परत बोलवेना. त्याने तिसऱ्या वर्षाचे पेपर गाळ्यात कांद्याच्या गोण्यांवर बसून मोबाईलवर दिले. पास झाला, फर्स्ट क्लास. त्याला एम.एस्सी. करायची होती, प्रवेश परीक्षेचे फॉर्मही आणून ठेवले होते. तो अजून वाशीतच आहे.

शिक्षकांचं थोडक्यात सांगतो. माझा पगार चालू राहिला. पण ग्रामीण कॉलेजांत शिकवणारे बरेचजण तासिका तत्त्वावर असतात, ज्यांना आम्ही सीएचबी म्हणतो. तास झाले तर पैसे, आणि तेही महिनोन् महिने उशिरा. कॉलेज बंद म्हणजे त्यांची चूल बंद. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेला माझा एक सहकारी त्या उन्हाळ्यात भाजीचा टेम्पो घेऊन गावोगाव फिरत होता. मुलं त्याच्याकडून भाजी घ्यायची आणि तिथेच वही उघडून गणित विचारायची. तो सांगायचाही. त्याच्याबद्दल मला फार आदर आहे.

आता माझ्या मते जे सगळ्यात महत्त्वाचं, पण ज्यावर फार कमी बोललं गेलं, ते सांगतो. आमच्याकडच्या मुलीसाठी कॉलेज हे घराबाहेर पडण्याचं एकमेव मान्य कारण असतं. सकाळची एसटी, पास, लायब्ररी, मैत्रिणी, दुपारची परतीची गाडी. 'शिकतेय' म्हटलं की स्थळं थांबतात. कॉलेज बंद झालं आणि ते कारण संपलं. त्यात लग्नाला आधी पन्नास माणसांची मर्यादा आली, एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास. आई-बापांच्या दृष्टीने ही संधी होती. जेवणावळी नाहीत, मांडव नाही, कर्ज नाही. मी कुणाला दोष देत नाही. हातात पैसा नसलेल्या बापाने तो हिशेब केला, दुसरं काय करणार? पण आमच्या वर्गांतल्या मुली त्या दोन उन्हाळ्यांत एकेक करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून 'लेफ्ट' झाल्या. नंबर बदलले. रजिस्टरवर त्यांच्यापुढे एवढंच लिहिलं जातं, 'पुढील वर्षात प्रवेश घेतला नाही'.

त्यातच जुलै २०२१ चा पाऊस. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला. त्या आठवड्यात लाइट नाही, रस्ते नाहीत, आणि परीक्षेचं नाव तोंडातून काढवत नव्हतं. शहरातल्या मुलांवर एक संकट होतं, आमच्यावर एकावर एक.

२० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली. दोन डोस झालेल्यांनी यायचं असं होतं. आम्ही फरशा धुतल्या, बाकांवर खुणा केल्या, वाट बघितली. आणि लगेच एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास फुकट असतो, मोठ्यांना सवलतीचा पास असतो. संपात वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपला रोजचे पैसे मोजायचे, तेही दारात लटकून. ज्या काही मुली साथीतून टिकून राहिल्या होत्या त्यातल्या काही या संपात गेल्या. याची नोंद कोविडच्या खात्यावर कुणी करणार नाही, पण माझ्या मनात ती तिथेच आहे.

आता ती दहावीची मुलं. ज्यांचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, त्यांची अकरावी सगळी मोबाईलवर गेली, बारावी निम्मी. त्यांना अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी, पेपरला जादा वेळ, परीक्षा आपल्याच कॉलेजात. २०२२ च्या पावसाळ्यात ती आमच्याकडे पहिल्या वर्षाला आली. पहिल्या प्रॅक्टिकलला साधं आम्ल-अल्कली टायट्रेशन लावलं, म्हणजे ब्युरेटमधून थेंबथेंब अल्कली सोडून रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. एका मुलाने ब्युरेटची तोटी एकदम सोडली, फ्लास्क गडद राणी रंगाचा झाला आणि तो खुश होऊन म्हणाला, "सर, आला गुलाबी!" फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचा खरा अंत्यबिंदू, म्हणजे जिथे थांबायचं तो रंग, इतका फिका असतो की पांढरा कागद खाली धरून बघावा लागतो. ते त्याने पडद्यावर पाहिलं होतं, पण मोबाईलच्या पडद्यावर तो फिका रंग दिसतच नाही. शेजारच्या मुलीने तर प्रयोग न करताच वहीत १०.२ मिली लिहिलं होतं, कारण व्हिडिओत तेच आलं होतं. तिला फसवायचं नव्हतं. प्रयोग म्हणजे उत्तर उतरवून घेणं, असंच दोन वर्षं तिच्यासमोर घडलं होतं. आणि सत्राच्या परीक्षेत पेपरची वेळ संपायच्या कितीतरी आधी मुलं पेन खाली ठेवून मनगट दाबत बसलेली मी पाहिली. हाताची सवयच गेली होती.

मग करायला काय हवं होतं? आम्ही काही गोष्टी केल्या, पण उशिरा. २०२१ च्या जूनपासून प्रत्येक शिक्षकाने वीस-वीस मुलं वाटून घेतली आणि आठवड्याला फोन करायचं ठरवलं. पोर्शनबद्दल विचारायचंच नाही, घरी कसं चाललंय, कोण आजारी आहे, स्थळ बघतायत का, एवढंच. माझ्या वीसपैकी दोघींच्या बाबतीत मी घरी जाऊन वडलांशी बोललो आणि एका वर्षाची मुदत मिळाली. दोघी पदवीधर झाल्या. हा फोन एक वर्ष आधी सुरू झाला असता तर, हा विचार मला आजही सोडत नाही. लायब्ररीची पुस्तकं आम्ही डेअरीच्या दूधगाडीने गावोगाव पाठवली, कारण ती एकच गाडी रोज न चुकता जायची. दुकानं उघडली तेव्हा पाच-पाच मुलांच्या तुकड्या करून लॅबही उघडायला हवी होती. पुन्हा अशी साथ आली तर कॉलेजने ॲप विकत घेण्याआधी कोणत्या वाडीत कुणाकडे फोन आहे आणि कुणाकडे नाही याची यादी करावी, असं मी ज्याला त्याला सांगतो.

सड्यावर छत्रीत बसून तोंडी परीक्षा देणाऱ्या त्या मुलीचं लग्न मे २०२१ मध्ये झालं. पहिल्या वर्षाचे पेपर तिने सासरहून दिले. २०२३ च्या जूनमध्ये अनोळखी नंबरवरून तिचा फोन आला. मुलगा सव्वा वर्षाचा झालाय, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पुढे शिकायचं म्हणतेय, जुनी गुणपत्रिका सासरी सापडत नाही, कॉलेजात झेरॉक्स मिळेल का? मी ऑफिसात जाऊन फाइल काढली. पहिल्या वर्षाला तिला ७८ टक्के होते.