सिस्को 2811 राउटरवर घरच्या घरी आयपी फोन चालू करायला व्हॉईस कार्ड लागतं का?

शिकण्यासाठी जुना 2811 राउटर आणि दोन 7960 फोन घेतलेत, दोन्ही फोन ‘कॉन्फिगरिंग सीएम लिस्ट’वर (राउटरकडून सेटिंग मिळवायच्या पायरीवर) अडकून बसतात, आणि हे व्हॉईस कार्ड नसल्यामुळे होतंय का, असा तुमचा प्रश्न आहे.

कार्डावर पैसे घालू नका. दोन आयपी फोन एकमेकांशी बोलायला राउटरमध्ये व्हॉईस कार्ड किंवा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) लागत नाही. लँडलाइनची तार आत घ्यायची असेल किंवा एका कोडेकमधला (आवाज डिजिटल करायच्या पद्धतीतला) आवाज दुसऱ्यात बदलायचा असेल, अशा कामांना तो लागतो. राउटर नुसती गाठ घालून देतो, पुढे आवाज या फोनमधून थेट त्या फोनमध्ये जातो. पटत नसेल तर फोन चालू झाल्यावर करून बघा: दोन्ही फोन एकाच स्विचवर, एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर पाडलेल्या एकाच आभासी नेटवर्कमध्ये) ठेवा आणि बोलता बोलता राउटरची तार उपसा. बोलणं चालूच राहतं, फक्त नवा कॉल लागत नाही.

माझं घर फोंड्याकडचं, जुनं, चिऱ्याच्या जाड भिंतींचं. वायफाय मागच्या पडवीपर्यंतसुद्धा धड पोचत नाही, मागच्या कुळागराचं (पोफळी-माडांच्या बागेचं) नावच नको. त्यामुळे माझी लॅब घरच्यांच्या कामी लागली आहे. आई स्वयंपाकघरातून 102 दाबते आणि मला माडीवरून जेवायला बोलावते. आधी जिन्याखालून हाका मारायची. 2811 च्या पंख्याच्या घरघरीत त्या हाका ऐकूही यायच्या नाहीत, हा भाग वेगळा.

तुमची लक्षणं वाचून मला माझे वाया गेलेले दोन रविवार आठवले. माझ्या फोनला आयपी पत्ता मिळत होता, म्हणून डीएचसीपीवर (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेवर) संशयच आला नाही. राउटरमधल्या ‘टेलिफोनी-सर्व्हिस’ या फोनच्या सेटिंगच्या भागाखालच्या ओळी पुसायच्या, पुन्हा लिहायच्या, एवढंच चाललं होतं. शेवटी वैतागून फोनचं सेटिंग्ज बटण दाबलं, नेटवर्क कॉन्फिगरेशन उघडलं, तर पत्ता 192.168.1 ने सुरू होणारा. राउटरवर मी 192.168.10 ठेवला होता! इंटरनेटचा मोडेम त्याच स्विचला जोडलेला होता आणि तोही पत्ते वाटत होता. ज्याचं उत्तर आधी आलं, त्याचा पत्ता फोनने घेतला. पण मोडेम काही पत्त्यासोबत ऑप्शन 150 ही जास्तीची माहिती देत नव्हता, आणि आपली सेटिंगची फाइल कुठल्या टीएफटीपी सर्व्हरवर (साध्या फाइल-सर्व्हरवर, इथे तो राउटरच) आहे हे फोनला त्या 150 मधून कळतं. मोडेमची तार काढली, फोन बंद करून चालू केला, मिनिटभरात गाडी पुढे सरकली.

म्हणून आधी त्याच पडद्यावर ‘टीएफटीपी सर्व्हर 1’ची ओळ बघा. तिथे राउटरचा पत्ता दिसत नसेल तर बाकी कशाला हात लावू नका.

पत्ता बरोबर असेल तर घोळ फाइलचा. फोन ‘एसईपी’ आणि त्यापुढे स्वतःचा मॅक पत्ता (फोनच्या हार्डवेअरचा कायमचा क्रमांक) अशा नावाची फाइल मागतो. ती राउटरच बनवतो, पण ‘क्रिएट सीएनएफ-फाइल्स’ ही आज्ञा दिल्यावर. ‘मॅक्स-ईफोन्स’ (जास्तीत जास्त किती फोन) आणि ‘मॅक्स-डीएन’ (जास्तीत जास्त किती डीएन, म्हणजे फोन नंबरांच्या नोंदी) मुळात शून्य असतात, ते आधी वाढवा. ‘आयपी सोर्स-अ‍ॅड्रेस’ला राउटरचा पत्ता आणि पोर्ट 2000. मग ईफोन-डीएन 1 ला नंबर 101, ईफोन 1 ला मॅक पत्ता, आणि ‘बटन 1:1’. इथे बरेच जण 1:101 लिहितात. पहिला आकडा फोनवरच्या बटणाचा, दुसरा डीएनच्या क्रमांकाचा. आपण दाबतो त्या नंबराचा इथे काही संबंध नाही.

जुन्या बाजारातल्या फोनची आणखी एक खोड. आधीच्या मालकाने त्यात एसआयपी या दुसऱ्या कॉल-प्रोटोकॉलचं फर्मवेअर (फोनमधलं मूळ सॉफ्टवेअर) घातलेलं असू शकतं. त्याचं नाव ‘पी0एस3’ने सुरू होतं, आपल्याला हवं असलेलं स्किनीचं (सिस्कोच्या स्वतःच्या कॉल-प्रोटोकॉलचं) ‘पी003’ने. ‘लोड’ ओळीत हे नाव लिहिताना शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप केलात तर फोन ती फाइल मागत राहील आणि राउटर नाही म्हणत राहील. नावामागे एक्स्टेन्शनही लावायचं नाही.

व्हॉईस व्हीलॅन वगैरे सगळं नंतर. आधी एक राउटर, एक साधा स्विच, दोन फोन, बस. पुढे पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा) स्विच घ्यायचा विचार असेल तर 7960 सिस्कोची जुनी, प्रमाणीकरणाआधीची पद्धत वापरतो, नुसता 802.3एएफ या प्रमाणित पद्धतीचा स्विच त्याला वीज देत नाही. त्याचा 48 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर टाकून देऊ नका.

आणि तार घराबाहेर नेऊ नका, हे कळकळीने सांगतो. मी पंपघरापर्यंत तांब्याची केबल ओढली होती, शंभर मीटरच्या आतच होती. ऑक्टोबरात एका संध्याकाळी विजा झाल्या आणि तिकडचा फोन आणि स्विचचे तीन पोर्ट एकदमच गेले. आता तिथे फायबर आहे, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारी डबी).

टीएफटीपीच्या ओळीत काय दिसलं ते प्रतिक्रियेत टाका, राउटरवरच्या ‘शो ईफोन’ आज्ञेचं आउटपुटही. बघून सांगतो.