सनद मिळाली, आता तालुक्याच्या कोर्टात बस

वकिलीची सनद आली म्हणून लगेच संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठाकडे पळू नकोस. बार परीक्षा, म्हणजे सनदेनंतरची वकिलांची पात्रता परीक्षा, 2 वर्षांत काढ आणि तोवर तालुक्याला दिवाणी दावे चालवणाऱ्या सीनियर वकिलाकडे बस. पैसे फारसे मिळणार नाहीत, हे घरी आधीच सांगून टाक.

आपल्याकडे भांडण बांधाचं. सातबारा, फेरफार आणि जुनं खासरा पत्रक (जमीन कोणाकडे होती त्याची जुनी पाहणी नोंद) शेजारी ठेवून वाच. गट नंबर जुन्या सर्व्हे नंबरशी जुळतो का, बघ. माझ्या पहिल्याच दाव्यात चतुःसीमेत, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दींच्या वर्णनात, पूर्व-पश्चिम उलटी पडली. दुरुस्ती अर्जात 3 तारखा गेल्या, आणि म्हातारा पक्षकार दर वेळी एसटीनं यायचा. निजामकाळचे कागद उर्दूत निघतात. वाचणारा माणूस आत्ताच हेरून ठेव. रोजनामा, म्हणजे तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, मात्र स्वतः बघ, कारकुनाच्या तोंडी सांगण्यावर राहू नकोस.