खडकावरचं ऑर्किड आणि आपले लाड

प्रश्न : ताई, तीन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून 'रॉक ऑर्किड' म्हणून एक रोप आणलं. लेबलवर डेंड्रोबियम किंगियानम लिहिलंय. पूर्वेची बाल्कनी आहे, सकाळचं ऊन मिळतं. रोज पाणी घालते, दर पंधरा दिवसांनी 19:19:19 खत देते. झाड टवटवीत आहे, पण फूल एकही नाही. उलट जुन्या काड्यांच्या टोकांना छोटी रोपं फुटतात आणि त्यांची मुळं हवेत लोंबतात. हा काही रोग आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : रोग नाही हो, सुखवस्तूपणा आहे! तुमचं झाड इतकं मजेत आहे की त्याला फुलायची गरजच वाटत नाही.

हे मूळचं पूर्व ऑस्ट्रेलियातलं, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या डोंगरांतलं. खडकाच्या भेगेत वाऱ्याने आणलेला पालापाचोळा साठतो, मूठभरसुद्धा नसतो तो, आणि त्यात हे मुळं रोवून बसतं. पावसाचं पाणी अंगावरून वाहून जातं, तासाभरात सगळं कोरडं. हिवाळ्यात रात्री गारठा आणि पाण्याची ओढ. गारठा आणि ओढ या दोन्ही गोष्टी मिळाल्या की कळी धरते. त्या वेळी पाणी आणि खतातलं नत्र मिळत राहिलं, तर कळीच्या जागी रोप फुटतं. ऑर्किडवाले त्याला केकी म्हणतात. हा हवाई बेटांवरचा शब्द आहे, अर्थ बाळ. तुमच्याकडे बाळंच बाळं झाली आहेत.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. एका डिसेंबरात मला महिनाभर नागपूरला राहावं लागलं. निघताना ह्यांना सांगून गेले, "ऑर्किडकडे बघूसुद्धा नका." ह्यांनी बघितलं. बिचारं सुकलंय असं वाटून रोज सकाळी चहाबरोबर त्यालाही पाणी पाजलं. मी परत आले तर काड्या बोटाएवढ्या जाड आणि अकरा केकी! त्या वर्षी फूल नाही. ह्यांचं म्हणणं अजूनही हेच, की झाड वाचवलं मी.

तर आता काय करायचं? दिवाळीला खत बंद. पाणी कमी करत न्या आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर दहा-बारा दिवसांतून एकदा मुळं जेमतेम ओली होतील इतकंच द्या, तेही सकाळी. कुंडी बाल्कनीत जिथे जास्तीत जास्त ऊन येतं तिथे सरकवा आणि रात्री आत घेऊ नका. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरतो, तो आपल्याला फुकटात मिळालेला ऑस्ट्रेलियाचा हिवाळा समजा. काड्यांवर बारीक सुरकुत्या पडतील, एखाददुसरं पान पिवळं होऊन गळेल. त्या वेळी हात शिवशिवतो, झारी उचलाविशी वाटते. उचलू नका.

जानेवारीअखेरपासून काडीच्या शेंड्याला, पानांच्या बेचक्यात रोज नीट बघा. हिरवं टोक दिसेल. ते चपटं होऊन पानासारखं उलगडू लागलं तर पुन्हा केकी. दोऱ्यासारखं बारीक लांबत जाऊन त्यावर मोहरीएवढे मणी दिसले तर कळ्या. मणी दिसले की पाणी हळूहळू वाढवा. फुलं नखाएवढी, गुलाबी असतात, आणि उन्हं चढली की गोडसर वास सुटतो. पाहुण्यांना तो सकाळी आठला दाखवायला जाल तर फजिती होईल.

आणि एक. जुन्या, पानं झडलेल्या काड्या कापू नका. त्या म्हाताऱ्या दिसतात, पण त्याच काडीवर पुढची काही वर्षं फुलं येऊ शकतात. आत्ताच्या केकींची मुळं तीनेक सेंटिमीटर झाली की त्या अलगद पिळून काढा आणि सोसायटीत वाटून टाका.

प्रश्न : ऑर्किड कुंडीत न लावता दगडावरच लावायची हौस आहे. कुठला दगड घ्यावा? घरात फरशीकाम झालं, संगमरवराचे तुकडे उरलेत, ते चालतील का? खाली माती, शेणखत किती घालू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काका, माती शून्य, शेणखत शून्य. मातीत या मुळांचा श्वास कोंडतो आणि पंधरा दिवसांत ती सडतात.

मूळ एकदा हातात घेऊन बघा, म्हणजे सगळं कळेल. कोरडं असताना ते खडूसारखं पांढरं दिसतं. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. डोळ्यांदेखत ते हिरवं होत जातं. वरचं पांढरं आवरण स्पंजासारखं पाणी ओढून घेतं आणि पारदर्शक होतं, मग आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाणी द्यायचं की नाही, हे याच रंगावरून ठरवायचं. हिरवं असेल तर थांबा, पांढरं होऊन एखादा दिवस उलटला की द्या. हिवाळ्याची सक्तीची उपासमार मात्र वेगळी, ती वर सांगितलीच.

आता दगड. पहिल्यांदा मीही हौसेने सिंहगडाच्या वाटेवरच्या खाणीतला काळा कातळ आणला होता. काय देखणा दिसत होता! एप्रिलच्या एका दुपारी गच्चीत गेले, सहज त्याला हात लावला आणि भाकरीचा तवाच धरल्यासारखा हात मागे घेतला. मुळांची टोकं काळी पडली होती. आपला काळा दगड घट्ट असतो, पाणी धरत नाही आणि तापतो मात्र भयंकर. डोंगरातल्या कातळाखाली अख्खा डोंगर असतो, त्याच्या भेगांत ओल आणि गारवा टिकतो. आपल्या गच्चीतला तुकडा सगळीकडून भाजून निघतो.

त्यामुळे माझं मत जांभ्याला. भोकाभोकांचा, पाणी पिणारा, ते पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा आसपास गारवा ठेवणारा. सांगलीत जांभ्याचा चिरा मिळायला अडचण नाही, कोकणातून गाड्या येतातच. नवा चिरा आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, लाल गाळ निघून जाऊ दे. संगमरवर नको. तो चुन्याचा दगड. थायलंड-मलेशियाकडची काही पॅफिओपेडिलम जातीची ऑर्किडं चुनखडीच्या कड्यांवर राहतात हे खरं, पण किंगियानमला चुन्याचं प्रेम नाही. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर तेही जपून वापरा, दगडावर पांढरी खार धरते. पावसाचं पाणी पिंपात साठवा.

बांधायचं जूनमध्ये, मुळांना नवी हिरवी टोकं फुटताना. त्या टोकांनाच दगड धरता येतो, जुनी मुळं चिकटत नाहीत. चिऱ्याच्या खोलगट जागी नारळाच्या सोडणाचे चार धागे ठेवा, त्यावर रोप, आणि मासेवाल्यांची तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, दोन-तीन वेढे देऊन घट्ट गाठ. रोप हललं नाही पाहिजे. हललं की कोवळं टोक घासून मरतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. वर्षभराने तंगूस कापायची.

प्रश्न : दादरला किंगियानम फुलेल का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : नाही. तुमच्या रात्री पुरेशा गार होत नाहीत. फुलबाजारात मिळणाऱ्या जांभळ्या-पांढऱ्या डेंड्रोबियमच्या संकरित जातीचं रोप आणा आणि तेच चिऱ्यावर बांधा. उकाडा त्यांना मानवतो.

प्रश्न : ताई, गगनबावड्याच्या घाटात दरड कोसळली होती. रस्त्यावर पडलेल्या एका दगडावर बटणांसारखे हिरवे चपटे कंद चिकटलेले दिसले, प्रत्येकाला दोन पानं. चाकाखाली जाईल म्हणून दगडासकट घरी आणलं. फोटो पाठवत आहे. याला आता काय खायला घालू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही खायला घालू नका, आणि अजून चार फोटोही नकोत, हा पुरेसा आहे. कंदावर बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते ना? त्यावरून हे एरिया रेटिकोसा असावं, हल्ली त्याला पॉर्पॅक्स या गटात घालतात. लॅटिनमध्ये 'रेटे' म्हणजे जाळं, नाव त्यावरूनच. आपल्या सह्याद्रीचं आहे. पावसाच्या तोंडावर त्याला पांढरं फूल येतं, कंदाच्या मानाने चांगलं मोठं. पावसाळा सरला की पानं गळतात आणि नुसती बटणं खडकावर पुढच्या पावसाची वाट बघत बसतात. घरी लोक त्याला मेलं समजून फेकून देतात, हे मी दोनदा पाहिलंय.

तुमची भावना कळते, रागावत नाही. पण राखीव जंगलातून काहीही उचलून आणणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि 'वाचवलं' म्हणणारे पुष्कळ असतात. शिवाय ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजतं. ती बुरशी त्या घाटात आहे, तुमच्या ताराबाई पार्कातल्या गॅलरीत नाही. तिथे ते जगेल एखादवेळेस, पण त्याचा वंश वाढणार नाही.

पाऊस संपायच्या आत परत नेऊन ठेवा. आधी वनरक्षकाला फोन करून खरं काय ते सांगा. रस्त्यापासून आत, उत्तरेकडे तोंड असलेला शेवाळलेला खडक बघा आणि तुमचा दगड त्याच्या कपारीत घट्ट बसवा, उतार राहील असा, म्हणजे पाणी साचणार नाही. डुगडुगत असेल तर बाजूला छोट्या चिपा ठोका. तोपर्यंत घरी त्याला सावलीत, पावसाच्या शिंतोड्यात ठेवा. पंख्याखाली नको, आणि उदबत्तीच्या धुरात, देवघरात तर नकोच.